पंप कधी कमी करायचा, आणि किती

सांगली जिल्ह्यात दम्याचं औषध रोज कुठे ना कुठे कमी होत असतं, आणि बहुतेक वेळा ते डॉक्टरांच्या नकळत होतं. बरं वाटायला लागलं की आधी सकाळचा डोस सुटतो. मग रात्रीचा दिवसाआड होतो. पंप संपला की नवा आणणं पुढच्या पगारावर, पुढच्या ऊसबिलावर ढकललं जातं. दोन महिने काहीच होत नाही. घरातले म्हणतात, बघ, उगाच घेत होतास. मग जूनमध्ये पहिला पाऊस पडतो, नातवाची सर्दी घरभर फिरते आणि रात्री दोन वाजता धाप लागलेल्या माणसाला रिक्षात बसवून सिव्हिलला न्यावं लागतं.

याच जिल्ह्यात याच्या अगदी उलट वागणारे रुग्णही आहेत. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या झटक्यानंतर लिहून दिलेली चिठ्ठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली असते. घडीवर ती फाटलेली असते, पण मात्रा तीच. झटका नाही, रात्रीची झोप नीट, मळ्यातली कामं व्यवस्थित चाललेली, आणि तरी सर्वांत जास्त ताकदीचा पंप सकाळ-संध्याकाळ चालू. अशा माणसाला 'आता जरा कमी करून बघूया' असं कुणी कधी म्हटलेलंच नसतं.

ही पुस्तिका या दोघांसाठी आहे आणि त्यांना तपासणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. दमा नीट आटोक्यात आल्यावर रोजचं औषध कसं कमी करायचं, एवढाच तिचा विषय. माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. औषध कमी करणं हा उपचाराचाच एक टप्पा आहे. औषध सुरू करताना जितका विचार करतो तितकाच इथेही करायला हवा, आणि सांगली-साताऱ्याकडच्या माणसाच्या बाबतीत तो विचार इथला हंगाम, इथली शेती आणि इथली कामं बाजूला ठेवून करताच येत नाही.

आधी आजाराबद्दल थोडं. दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. त्रास होत नाही त्या दिवसांतही ती थोडीफार असतेच. सुजलेली नळी धूळ, धूर, थंड हवा, सर्दीचे विषाणू यांनी चटकन चिडते; तिच्याभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट बेडका साठतो आणि छाती वाजायला लागते. निळा पंप, म्हणजे साल्ब्युटॅमॉल, हे आवळलेले स्नायू सैल करतो. काही मिनिटांत मोकळं वाटतं, चार-सहा तासांत परिणाम ओसरतो, आणि मूळ सूज होती तिथेच राहते. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड: बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन. इंग्लंडमधल्या डर्बीच्या हॅरी मॉरो ब्राउन या डॉक्टरांनी बेक्लोमेथासोनच्या फवाऱ्याचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध केले. तोवर तीव्र दम्याच्या रुग्णाला वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोनच्या गोळ्या खाव्या लागत आणि त्यासोबत सुजलेला चेहरा, ठिसूळ हाडं, वाढलेली साखर हे सगळं सोसावं लागे. फवाऱ्यामुळे अनेकांच्या गोळ्या सुटल्या. आज ज्या पंपाला लोक घाबरतात तो आला होता शरीरावरचा स्टेरॉईडचा भार हलका करायला, हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

हे औषध थांबवलं की सूज दुसऱ्या दिवशी परत येत नाही. त्याला आठवडे लागतात, कधी काही महिने. फसगत होते ती इथेच. रक्तदाबाची गोळी चुकली तर यंत्रावर आकडा दिसतो, मधुमेहाची चुकली तर साखर दिसते. दम्याचं स्टेरॉईड चुकलं तर बराच काळ काहीच दिसत नाही, आणि 'बंद केलं तरी ठीक आहे' हा अनुभव माणसाच्या मनात पक्का बसतो. मग दोन-तीन महिन्यांनी त्रास झाला की त्याचा दोष पावसाला, दह्याला, नाहीतर पेरूला दिला जातो. पंप बंद केल्याची आठवणही उरलेली नसते.

मग औषध कमी करायचंच कशाला, असं कुणी विचारेल. कारणं आहेत, आणि ती खरी आहेत. श्वासातून घेतलेल्या स्टेरॉईडचा बहुतेक फायदा कमी मात्रेतच मिळून जातो. मात्रा दुप्पट, चौपट केली की फायदा थोडासाच वाढतो. आवाज बसणं, तोंडात पांढरी बुरशी येणं, कातडी पातळ होऊन जरा लागलं तरी काळंनिळं पडणं, मोतीबिंदू, हाडांची झीज यांची शक्यता मात्र वाढत जाते. अमेरिकेत शाळकरी मुलांना काही वर्षं रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड देऊन ती मोठी होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. मोठेपणी त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. न सावरलेल्या दम्याने मुलाचं जे नुकसान होतं त्यापुढे सव्वा सेंटिमीटर काहीच नाही, आणि कुठल्याही आईबापांनी या आकड्याला घाबरून पंप बंद करू नये. पण गरजेपेक्षा जास्त मात्रा वर्षानुवर्षं चालू ठेवायलाही काही आधार नाही. शिवाय पंपाला महिन्याला काही शे रुपये लागतात. शेतमजुराच्या घरात ते कुठून तरी काढावे लागतात, आणि घरात दोन दमेकरी असले तर एकाचाच पंप येतो.

कमी करता येतं का, याचं उत्तर ग्लासगोमधल्या एका अभ्यासाने २००३ साली दिलं. जास्त मात्रेवर असलेल्या, पण स्थिर असलेल्या २५९ प्रौढ रुग्णांचे दोन गट केले. एका गटात दमा आटोक्यात असेल तर स्टेरॉईड निम्मं करायचं, दुसऱ्यात आहे तसंच चालू. वर्षभरात पहिल्या गटातल्या ३१ टक्के आणि दुसऱ्यातल्या २६ टक्के रुग्णांचा दमा बळावला. संख्याशास्त्राच्या हिशोबाने हा फरक दखल घेण्याइतका नव्हता. म्हणजे योग्य रुग्ण निवडला आणि नजर ठेवली तर मात्रा निम्मी करता येते.

पण निम्मी करणं वेगळं आणि पुरती बंद करणं वेगळं. कमी मात्रेचं स्टेरॉईड अजिबात थांबवलेल्या रुग्णांवरचे सात अभ्यास २०१३ साली एकत्र तपासले गेले. चालू ठेवणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांना झटका आला होता. थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना. हे साधारण सहा महिन्यांतलं आहे. त्याहून गंभीर नोंद कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताची आहे. तिथे औषधांच्या सरकारी नोंदी आणि दम्याने झालेले मृत्यू ताडून पाहिले गेले, आणि २००० साली आलेला निष्कर्ष असा की स्टेरॉईडचा पंप सोडल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण, तो चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. जगभरच्या दमातज्ज्ञांची 'जिना' ही संस्था म्हणूनच प्रौढांना आणि किशोरवयीनांना सांगते की मात्रा सर्वांत कमी पुरेशा पातळीपर्यंत आणा, पण स्टेरॉईड पूर्ण तोडू नका. निदानाचीच खातरजमा करायची असेल तर थोड्या काळापुरतं, देखरेखीखाली थांबवणं एवढाच त्याला अपवाद.

इथे एक आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्याकडे होतात, असा अंदाज आहे. याचं मोठं कारण म्हणजे ज्यांना स्टेरॉईडचा पंप हवा त्यांच्यापर्यंत तो पोचतच नाही. अशा देशात औषध कमी करण्याची भाषा कशाला?

माझा अनुभव असा आहे की पंप न घेण्याचं सर्वांत मोठं कारण 'एकदा लागला की सुटत नाही' ही भीती आहे. पहिल्याच भेटीत, नाव-गाव सांगायच्या आधी, रुग्णाबरोबर आलेलं माणूस म्हणतं, "डॉक्टर, गोळी द्या, इंजेक्शन द्या, पण पंप नको. जन्माचा मागं लागतोय म्हणत्यात." त्यावर नुसतं 'तसं काही नसतं' म्हणून भागत नाही. त्याला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दाखवावं लागतं: आता ही मात्रा, तीन महिने ठीक गेले की ही, पुढचे तीन महिने ठीक गेले की ही. खाली यायची पायरी दिसली की माणूस वर चढायला तयार होतो. औषध कमी करण्याची गोष्ट रुग्णाने आडून विचारायच्या आधी डॉक्टरांनी काढली, तर पंप लपूनछपून बंद होण्याचं प्रमाण घटतं. या पुस्तिकेचा मला वाटणारा सर्वांत मोठा उपयोग हा आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळूया. मात्रा कमी करण्याआधी रुग्ण सध्या नेमकं काय घेतो ते बघितलं पाहिजे, आणि ते चिठ्ठीवर कळत नाही. पिशवी टेबलावर उपडी करायला सांगावी लागते. कवठेमहांकाळकडच्या एका आजी सहा महिन्यांनी तपासणीला आल्या. दम बरा होता, चिठ्ठीप्रमाणे मध्यम मात्रा चालू होती, कमी करायला हरकत दिसत नव्हती. पिशवीतून कॅप्सूलची डबी निघाली, पण त्या ओढायचं यंत्र निघेना. "त्ये कशाला?" म्हणाल्या, "पाण्यासंगं घेत्ये की." श्वासातून ओढायच्या कॅप्सूल आजी सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळत होत्या. म्हणजे फुफ्फुसात औषध जवळजवळ पोचतच नव्हतं, आणि तरी त्या ठीक होत्या, कारण मधल्या काळात मुलाने गॅस घेतला होता आणि शेजारच्या खोलीतलं मिश्री भाजणं बंद झालं होतं. त्या आजींच्या चिठ्ठीवरची मात्रा निम्मी करण्याला काय अर्थ होता? आधी यंत्र आणलं, समोर बसवून ओढायला शिकवलं, कमी मात्रेवर सुरू केलं आणि मग पुढचं ठरवलं.

अशी उदाहरणं अपवाद नाहीत. कुणी रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालतं पण फिरवून उघडत नाही. कुणी फवारा तोंडात मारून श्वास बाहेर सोडतं. कुणी स्पेसर 'लहान पोरांचा' म्हणून माळ्यावर टाकलेला असतो. ज्याला दोन वेळा लिहून दिलंय तो प्रामाणिकपणे सांगतो की गेलं वर्षभर रात्री एकदाच घेतो. त्याने स्वतःहूनच मात्रा निम्मी केलेली असते. आता चिठ्ठी निम्मी केली की तो चौथ्या हिश्शावर जाईल. म्हणून रागावून विचारू नये. 'आठवड्यातून किती वेळा राहतं हो घ्यायचं?' असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

दमा आटोक्यात आहे हे ठरवायला चार प्रश्न पुरतात. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास झाला का? दम्यामुळे रात्री एकदाही जाग आली का? निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागला का? दम्यामुळे एखादं काम टाळावं लागलं का? चारही उत्तरं 'नाही' अशी असली पाहिजेत, आणि हे चित्र किमान तीन महिने टिकलेलं असलं पाहिजे. चौथ्या प्रश्नावर आपल्याकडे जरा थांबावं लागतं. 'नाही' म्हणणाऱ्या कितीतरी जणांनी ते काम आधीच सोडून दिलेलं असतं. गोठा सुनेकडे गेलेला असतो, सायकल मुलाकडे. काय करता येतं यापेक्षा काय करणं सोडलं, हे विचारावं. फुंकणीयंत्र, म्हणजे पीक फ्लो मीटर, असेल तर त्याचा आकडाही बघावा. गेल्या वर्षभरात ज्याला झटक्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, जो कधीकाळी कृत्रिम श्वासावर गेला होता, ज्याची फुफ्फुसाची क्षमता आधीच कमी आहे, त्याच्या बाबतीत घाई अजिबात नको. गरोदर बाईचं औषधही या काळात कमी करू नये. आईचा दम बाळाला औषधापेक्षा कितीतरी जास्त घातक असतो.

आता वेळेबद्दल. या भागासाठी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, आणि परदेशी पुस्तकांत ते मिळणार नाही. तिथे लिहिलेलं असतं: सर्दी-खोकला नसताना, प्रवासात नसताना, योग्य वेळी कमी करा. पण सांगलीत योग्य वेळ कुठली?

मृग लागतो जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याच सुमारास शाळा उघडतात. हवेत ओल आणि वर्गात सर्दी, दोन्ही एकदमच येतात. मग जुलै-ऑगस्ट. कृष्णाकाठच्या लोकांना २०१९ चा ऑगस्ट वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पूर ओसरला, पण भिंतींतली ओल आणि तिच्यावरची काळी बुरशी पुढे कितीतरी महिने घरात राहिली. २००५ आणि २०२१ चंही तेच. गणपतीनंतर रानात काँग्रेस गवत फुलतं. दिवाळीच्या आधी जळमटं काढायची धूळ, दिवाळीत फटाक्यांचा धूर. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून साखर कारखान्यांचा गळीत हंगाम: पेटवून तोडलेला ऊस, तोडणीनंतर जाळलेलं पाचट, गुऱ्हाळांचा धूर, आणि त्यात थंडी. जानेवारीपासून हळद. काढणी, शिजवणी, खळ्यावरची वाळवण आणि मग पॉलिश. पॉलिशच्या पिंपाजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या पापण्यांवरसुद्धा पिवळा थर बसतो. नाकात काय जात असेल ते वेगळं सांगायला नको. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. यार्डातल्या हमालाच्या छातीची काळजीही त्याच अभिमानात बसली पाहिजे.

तासगाव आणि मिरज पूर्व भागात फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याचा हंगाम. बेदाण्याचा रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी देतात. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड हा दमेकऱ्याच्या श्वासनलिका मिनिटांत आवळणारा वायू आहे. निरोगी माणसाचं ज्याने नुसतं नाक चुरचुरतं तेवढ्यात दमेकरी वाकून बसतो. खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत. त्यांची गोष्ट आणखी वेगळी. ॲसिडच्या धुरात अकरा महिने, आणि जत्रेला गावी आले की महिनाभर एकदम ठणठणीत. त्या महिन्यात आमच्याकडे येऊन ते म्हणतात, आता पंप कमी करा. गावाकडच्या हवेवरून परमुलखातली मात्रा ठरवणं हा धोका आहे.

तेव्हा शांत काळ सगळ्यांचा एक नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाला होळीनंतरचा उन्हाळा बरा जातो. पण मार्चमध्ये मात्रा कमी केली की तीन महिन्यांची मुदत नेमकी मृगालाच भरते. उन्हाळ्यात ठीक राहिला म्हणून कमी मात्रा पुरते असं सिद्ध होत नाही. खरी परीक्षा जूनमध्ये. अशा मुलाला जूनच्या सुरुवातीला बोलवायचंच, आणि गेल्या दोन पावसाळ्यांत झटका आला असेल तर उन्हाळ्यात कमी केलेली मात्रा मेअखेरीला पुन्हा वाढवायची, हे आधीच ठरवून ठेवायचं. बेदाण्याच्या शेडवर किंवा हळदीच्या पॉलिशवर काम करणाऱ्या बाईला मार्चमध्ये हात लावायचा नाही; तिच्यासाठी हंगाम संपल्यानंतरचा मे. ऊसतोडीला बीडकडून आलेली कुटुंबं मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात. निघायच्या आठवड्यात त्यांची मात्रा कमी केली तर पुढची तपासणी कोण करणार? त्यांना आहे त्याच मात्रेवर, दोन महिन्यांचं औषध आणि गावाकडच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी देऊन पाठवावं. पुस्तिकेत महिन्यांचं एक पान कोरं ठेवलं आहे ते यासाठीच. ते प्रत्येकाने आपल्या कामाप्रमाणे आणि आपल्या गेल्या दोन वर्षांच्या त्रासाप्रमाणे भरायचं आहे.

कोजागिरीचं इथे लिहिलंच पाहिजे. शरदाच्या चांदण्यात खिरीतून दम्याचं औषध घ्यायला जाणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणारीही आहेत. त्यांच्या श्रद्धेवर मी बोलत नाही. एवढंच कळकळीने सांगतो की तिथून आल्यावर पंप बंद करू नका. कोजागिरीनंतर थंडी आणि गळीत हंगाम, मृगानंतर पाऊस. पंप सोडायला वर्षातली याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. आणि कुठल्याही पुडीने चार दिवसांत दम एकदम गायब झाला, भूक वाढली, चेहरा भरला, तर त्या पुडीत स्टेरॉईडची भुकटी असण्याची शक्यता धरावी आणि ती डॉक्टरांना दाखवावी.

किती कमी करायचं, याचा हिशोब त्या मानाने सोपा आहे. दर तीन महिन्यांनी स्टेरॉईडची मात्रा पाव ते निम्म्याने उतरवायची, एका वेळी एकच बदल. ब्युडेसोनाइड-फोरमोटेरॉलच्या पंपावर असलेल्या माणसाची ४०० ची ताकद दोन वेळा चालू असेल तर २०० दोन वेळा. ते टिकलं तर १०० दोन वेळा किंवा २०० रात्री एकदा. स्टेरॉईड काढून नुसतं लांब पल्ल्याचं श्वासनलिका रुंदावणारं औषध ठेवणं ही चूक कधीही करू नये. ते आतली सूज झाकतं आणि झटका येतो तेव्हा मोठा येतो.

आणि शेवटच्या पायरीवर काय? पूर्वी इथे येऊन अडायचं. रोज घे म्हटलं तर रुग्ण घेत नाही, बंद म्हटलं तर धोका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'सिग्मा' नावाच्या दोन मोठ्या अभ्यासांनी वाट मोकळी केली. सौम्य दम्यात ब्युडेसोनाइड-फोरमोटेरॉलचा पंप रोज न घेता गरज पडेल तेव्हाच घेणाऱ्यांना मोठे झटके जवळपास रोज ब्युडेसोनाइड घेणाऱ्यांइतकेच आले, आणि त्यांच्या शरीरात स्टेरॉईड गेलं ते रोजच्या मात्रेच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकं. २०१९ पासून जिनाने प्रौढांना आणि किशोरवयीनांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवणं बंद करायला सांगितलं. आपल्या भागातल्या माणसाचा स्वभाव 'त्रास झाला की घेणार' असाच आहे. मग त्रास होईल तेव्हा तो जे ओढेल त्यात स्टेरॉईड असलेलं बरं. हा बदल अजून जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांत पोचलेला नाही, म्हणून पुस्तिकेचं एक अख्खं प्रकरण त्याला दिलं आहे.

मात्रा कमी केल्याच्या दिवशीच रुग्णाच्या हातात कागद हवा, मोठ्या अक्षरात, मराठीत. फुंकणीयंत्राचा आपला सर्वांत चांगला आकडा किती, रोजचा आकडा त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आला किंवा रात्री खोकल्याने जाग आली तर आधीच्या मात्रेवर कधी जायचं, निम्म्याच्या खाली गेला तर वाट न बघता कुठे जायचं, कुणाला फोन करायचा. सीमेपलीकडून, अथणी-कागवाडकडून मिरजेला येणाऱ्यांसाठी तोच कागद कन्नडमध्येही हवा. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ सुरू केलं तेव्हापासून त्या भागातली माणसं इथे येत आली आहेत. त्यांना तोंडी मराठीत सांगून परत पाठवणं बरं नाही.

हे सगळं छातीच्या डॉक्टरांनी एकट्याने करायचं काम नाही. २०११ साली देशभरातल्या दोन लाखांवर रुग्णांची एकाच दिवशी नोंद झाली. पुण्यातल्या संशोधकांनी पुढाकार घेतलेल्या त्या पाहणीत फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना श्वसनाची तक्रार होती. दमेकरी पहिल्यांदा जातो तो कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आणि त्याहूनही आधी औषधाच्या दुकानात. म्हणून माझी दुकानदार मंडळींना विनंती आहे. निळ्या पंपात २०० फवारे असतात. दमा आटोक्यात असलेल्या माणसाला वर्षाला दोनपेक्षा जास्त पंप लागू नयेत. तीन लागले तर झटक्याची शक्यता वाढलेली असते, आणि महिन्याला एक लागत असेल तर जिवाला धोका असतो. तुमच्या काउंटरवर तोच माणूस पुन्हा निळा पंप मागायला आला तर तो द्या, त्याला अडवू नका, पण स्टेरॉईडचा पंप शेवटचा कधी नेला ते वहीत बघा आणि त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे पाठवा.